पाण्याला गेलेलं घर

मी आज पदवीधर आहे आणि सोलापूरच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करतो, ते बिरूतात्यांमुळे. तात्या स्वतः आयुष्यात एकदाच शाळेत गेले, तेही त्यांच्या मेंढ्या आत शिरल्या म्हणून. ही गोष्ट ते फार अभिमानाने सांगतात.

"गुरुजी भला मानूस. म्हनले, मेंढरं भाईर काढ आन् तू बस. म्या म्हनलं, मंग मेंढरं कोन बगंल? गुरुजी म्हनले, ते बी खरं हाय. मंग दोगंबी गप."

शिक्षणाशी त्यांचा संबंध तेवढाच. पण एका शिकलेल्या माणसाने आपले म्हणणे ऐकून घेतले, याचे कौतुक त्यांना अजून आहे. शिकलेल्या माणसांवर त्यांचा जो अढळ विश्वास बसला तो तेव्हापासून. त्या विश्वासाने कचेरीतल्या किती माणसांची झोप उडवली, ते मी पुढे सांगतो.

तात्या मूळचे जळकोटकडचे. चराईची राने कमी होत गेली तशी मेंढरे विकली आणि धाराशिवला येऊन ते बांधकामांवर राखणदार झाले. तीस वर्षे लोकांची अर्धी बांधलेली घरे राखली. घर पूर्ण झाले की त्यांना दुसऱ्या अर्ध्या घरावर पाठवत. स्वतः राहायला खदानीमागच्या आमच्या वस्तीत, एका पत्र्याच्या खोलीत. उंच, किंचित वाकलेले, डोक्याला लाल पटका आणि खांद्यावर घोंगडी, ती मे महिन्यातही. मोजायची सवय मात्र मेंढरांबरोबर गेली नाही. चार माणसे एकत्र दिसली की ते हनुवटी हलवून मोजत. एसटी स्टँडवर बसमधून उतरणारी माणसे मोजत. एकदा आमच्या वस्तीतल्या लग्नात त्यांनी वऱ्हाड मोजले आणि "एक कमी हाय" म्हणाले. तो एक म्हणजे नवरदेव होता, तो दाढी करायला गेला होता.

साहेब लोक आले तर बसायला म्हणून त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन ठेवली होती. तिच्यावर स्वतः कधी बसले नाहीत. साहेब जे सांगेल ते अक्षरशः करायचे, हा त्यांचा नेम. त्यांच्या पत्नी मंजुळाकाकू यावरून त्यांना रोज बोलत.

"उद्या एकादा सायेब म्हनला, हिरीत उडी मारा, तर मारशाल का?"

"कंची हीर, ते लिहून घिऊ," तात्या शांतपणे म्हणत.

एके दिवशी वस्तीतल्या विजेच्या खांबावर नोटीस लागली. वस्तीवरून नवा रस्ता जाणार होता. आमची घरे अतिक्रमण ठरली होती आणि कोणाची हरकत असेल तर सात दिवसांत नोंदवावी, असे तीत लिहिले होते. वस्तीत त्रेचाळीस घरे होती. विटा वाहणारी, भांडी घासणारी, हमाली करणारी माणसे. कोणी म्हणाले पुढाऱ्याकडे जाऊ, कोणी म्हणाले जेसीबीसमोर आडवे पडू. तात्यांनी माझ्याकडून नोटीस दोनदा वाचून घेतली.

"म्हंजे हरकत आसंल तर सांगायचं. आन् नसंल तर?"

"नसेल तर काही नाही, तात्या."

"आसं कसं? सरकारनं इचारलंय. इचारल्यावर उत्तर द्याया नगं व्हय?"

दुसऱ्या दिवशी ते त्रेचाळीस घरांतले एकेक माणूस घेऊन कचेरीत गेले. आवक-जावकच्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी रांग पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"काय आहे?"

"हरकत न्हाई म्हनून सांगायला आलाव," तात्या म्हणाले.

"हरकत नाही, तर आलात कशाला?"

"नोटीस आली की."

"अहो, ही हरकतींची वही आहे. हरकत असेल त्यांची नावं यात घेतात."

"मंग हरकत नसल्याली वही कुठं हाय?"

"तशी वही नसते!"

"मंग ह्यातच लिवा. आमाला चालंल."

बाईंनी वर पंख्याकडे पाहिले, मग रांगेकडे पाहिले, आणि लिहायला घेतले. हरकतीचे स्वरूप या रकान्यात त्यांनी त्रेचाळीस वेळा एकच वाक्य लिहिले: 'हरकत नाही; मात्र कुठे जायचे ते कागदावर द्यावे.' शेजारच्या वस्तीतल्या लोकांनी त्याच आठवड्यात मोर्चा काढला होता. त्यांच्या घोषणा हवेत गेल्या. आमचे म्हणणे मात्र वहीत चढले, आणि वहीत चढलेल्या प्रत्येक नावाची सुनावणी घेणे कचेरीला भाग होते.

सुनावणी दोन दिवस चालली. घेणाऱ्या साहेबांनी पहिल्या पंधरा जणांना विचारले, "तुमची हरकत काय?" पंधरा जणांनी सांगितले, हरकत नाही. सोळाव्याला त्यांनी विचारायचे सोडून दिले आणि तात्यांना समोर बोलावले.

"तुम्हाला नक्की पाहिजे काय, बाबा?"

"तुमी म्हनाल तिकडं जातो. तिकडं म्हंजे कुठं, येवढंच."

साहेबांनी शहराबाहेरच्या एका माळाचे नाव घेतले. तात्या लगेच "बरं" म्हणाले. मग म्हणाले, आत्ता जाऊन बघून येतो. आमच्यापैकी सातआठ जणांना घेऊन ते खरोखर चालत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधी दारात हजर झाले.

"सायेब, जागा बेस हाय. फकस्त तितं पानी न्हाई, काम न्हाई, साळा न्हाई, मानूस न्हाई. मेंढरं आसती तर ग्येलोच आसतो. मेंढरं मिळतील का कचेरीतनं?"

हेही लिहून घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी थकून मान्य केले की शहरातच, जुन्या गोदामांच्या मागे, अर्धवट बांधून पडलेल्या खोल्या आहेत. त्या पूर्ण करून पात्र कुटुंबांना देता येतील. कागद झाला. त्यावर सही झाली. शेजारच्या वस्तीतले लोक तात्यांना विचारायला आले, की बिरूदादा, कंची युक्ती केली? तात्यांना प्रश्नच कळला नाही.

आता पात्र कोण, हे ठरवायला पाहणी आली. पाहणीवर जे साहेब होते त्यांना वस्तीत सगळे पाहणीसाहेबच म्हणत. सडपातळ, घामाघूम, बगलेत वही. त्यांच्याबरोबर लाल रंगाचा डबा घेतलेला एक माणूस. त्याने प्रत्येक घराच्या दारावर क्रमांक रंगवला. तात्या एक, आम्ही बारा. सदतिसाव्या घराला दारच नव्हते. ते सरूवहिनींचे घर. नवरा गेल्यावर चार घरची धुणीभांडी करून त्या दोन मुलींना वाढवत होत्या. त्यांच्या घराला दार म्हणून एक गोणपाट टांगलेले होते. गोणपाटावर रंग बसेना. तेव्हा त्या माणसाने दारासमोरच्या पाण्याच्या निळ्या पिंपावर मोठ्या अक्षरांत सदतीस लिहिले आणि तो अडतिसाकडे गेला.

"नंबर म्हणजेच घर," पाहणीसाहेब जाताना सगळ्यांना बजावून गेले. "नंबर पुसू देऊ नका. नंबर गेला तर घर गेलं."

तात्यांनी हे मनावर घेतले.

खोल्या पूर्ण व्हायच्या आतच रस्त्याचे काम सुरू झाले. आम्हाला बाजारापलीकडच्या मैदानावर तात्पुरते हलायचा आदेश निघाला. त्यात एकाखाली एक दोन वाक्ये होती. पहिले: मैदानावर कोणीही भिंत अथवा छप्पर उभारू नये. दुसरे: अंतिम पाहणीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने आपापल्या क्रमांकाच्या घरात हजर असावे, अन्यथा अपात्र. वस्तीतली तरणी पोरे हा कागद वाचून हसली, मग चिडली. भिंत नाही, छप्पर नाही, तर घरात हजर कसे राहायचे?

तात्यांना त्यात काही अडचण दिसेना. ते मला म्हणाले,

"दत्ता, पुना वाच. दाराचं काय लिवलंय?"

"दाराचं काहीच नाही."

"मंग झालं की. दारं लावायची."

आम्ही आमची घरे आमच्या हातांनी उतरवली. जेसीबीवाला दोन तास नुसता बघत बसला आणि शेवटी पत्रे धरू लागला. पत्रे आणि बांबू एका बाजूला रचून ठेवले. दारे तेवढी चौकटीसकट मैदानावर आणली.

इथे तात्यांचा खरा हुकूम चालू झाला. मेंढरे घेऊन फिरणाऱ्यांचा तळ रोज नव्या शिवारात पडतो, पण कोणाचे बिऱ्हाड कोणाच्या डाव्या हाताला, ते बदलत नाही. अंधारातही माणूस आपल्या चुलीशी बरोबर जातो, आणि सून नव्या गावात आली तरी सासूपासून तेवढ्याच पावलांवर असते. तात्यांनी काठी टाकून मैदान मोजले आणि वस्ती होती तशी उतरवली: ती गल्ली, तो उतार, तो कोपरा. दोन दगड आणि एक टेकू लावून दारे उभी केली. बेचाळीस दारे आणि एक पिंप. ज्यांची शेजाऱ्याशी भांडणे होती त्यांनी या निमित्ताने जागा बदलून मागितली. तात्यांनी साफ नाकारले. "भांडान तसंच न्यायचं," म्हणाले.

आणि दारामागे लोक राहू लागले. भिंत नव्हती, पण जिथे भिंत होती तिथून कोणी जाईना. मैदानावर क्रिकेट खेळणारी शहरातली पोरे सुरुवातीला मधून पळायची. चेंडू कोणाच्या घरात गेला की तात्या त्यांना दाराकडे पाठवत. चार दिवसांत पोरे दार वाजवून चेंडू मागायला लागली.

अंतिम पाहणीच्या दिवशी पाहणीसाहेब मैदानाच्या कडेला आले. मग वही उघडून पहिल्या दाराच्या बाजूने पुढे निघाले.

"सायेब, दार," दारामागून तात्यांचा आवाज आला.

"काय?"

"दार वाजवा की. आमी आत हाव."

"अहो, दिसताय मला तुम्ही!"

"दिसताव ते खरं. पन तुमच्या वहीत काय लिवलंय ते बगा."

साहेबांनी वही पाहिली. तीत खरोखरच एक रकाना होता: घर उघडे किंवा बंद, दार कोणी उघडले. साहेबांनी रुमालाने तोंड पुसले आणि दार वाजवले. तात्यांनी कडी काढली, "या" म्हणाले आणि खुर्ची पुढे केली.

पाचव्या घराशी साहेब सवयीने बाजूने वळले तर पलीकडून मंजुळाकाकू ओरडल्या, "ओ सायेब! तिकडं मोरी हाय त्यांची!" साहेब चटका बसल्यासारखे मागे उडाले आणि रिकाम्या जागेला "सॉरी" म्हणाले. दहाव्या घरापासून ते बाहेर बूट काढू लागले. एकविसाव्या दाराला कुलूप होते. दारामागे जमिनीवर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या.

"आजी, किल्ली कोणाकडं?"

"सुनंकडं. कामाला ग्येलीया."

"मग तुम्ही आत कशा?"

"मला रोज कोंडूनच जाती," आजी म्हणाल्या. "तुमी तर लिवाच हे. सरकारला कळू द्या."

साहेबांनी 'घर बंद' लिहिले, मग आजींकडे पाहून खोडले, मग पुन्हा लिहिले. शेवटी सुनेला कामावरून बोलावून आणले. तिने कुलूप काढले, साहेब आत गेले, आजींचे नाव विचारले आणि दाराने बाहेर आले. बाहेर येताना दार ओढूनही घेतले. मी तेव्हा हसलो होतो. पण त्या माणसाने आमच्या नसलेल्या घरांना जितका मान दिला तितका असलेल्या घरांना कधी कोणी दिला नव्हता, हे नंतर माझ्या लक्षात आले.

असे करत ते छत्तिसाव्या घरातून बाहेर पडले आणि सदतीस शोधू लागले. तिथे सरूवहिनी दोन्ही मुलींना घेऊन उभ्या होत्या. मुलींना त्यांनी वेणीफणी करून नवे फ्रॉक घातले होते.

"घर कुठं आहे?"

सरूवहिनींनी तात्यांकडे पाहिले. तात्या पुढे झाले.

"पान्याला ग्येलंय, सायेब."

"कोण?"

"घर. टँकर आला ना आत्ता, तिकडच्या कोपऱ्यावर. येतंय, धा मिंटं बसा."

तात्या गंभीर होते. चेष्टा त्यांना येतच नाही. त्यांच्या लेखी नंबर ज्यावर ते घर, आणि घर हातगाड्यावर चढून पाणी भरायला गेले होते. साहेब पाच मिनिटे थांबले. घड्याळ पाहिले. त्यांना दुपारी आणखी एका वस्तीत जायचे होते. त्यांनी लिहिले, 'घर क्र. ३७ जागेवर आढळले नाही,' आणि उरलेली सहा दारे भराभर वाजवून ते जीपमध्ये बसले. जीप वळली आणि पिंप आले. तात्या पोरांच्या हातातला भरलेला हातगाडा घेऊन ढकलत, पाणी हिंदकळत, जीपच्या मागे धावले. "सायेब! घर आलं! सायेब, घर आलं!"

तात्यांना धावताना मी तेवढे एकदाच पाहिले.

महिन्याभराने बेचाळीस घरांना ताबापत्रे आली. सरूवहिनींना आले नाही. त्या नुसत्या पिंपाजवळ बसून त्यावरचा आकडा ओल्या फडक्याने पुसत राहिल्या, रंग जाणार नाही इतक्या हलक्या हाताने. लोकांनी तात्यांना घेरले. कोणी म्हणाले, एक जुने दार आणू, त्यावर सदतीस रंगवू, नवा अर्ज करू.

"सरकारनं पिंपावर लिवलंय," तात्या म्हणाले. "म्या दारावर लिवलं तर ते माजं घर झालं, सरकारचं न्हाई."

"तुमच्या खरेपनापायी त्या बाईचं घर गेलं, तात्या," कोणी तरी तोंडावर बोलले. "दार उभं केलं आसतं तर आज ताबा आसता. दोन पोरी घिऊन ती जाईल कुठं?"

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे सामान हलले. तात्यांनी प्रत्येक दार उचलायला हात लावला, हनुवटीने मोजत मोजत. शेवटी उरलेल्या बेचाळिसाव्याला, म्हणजे स्वतःच्या दाराला, हात लावला नाही. ताबापत्र घडी घालून पटक्यात खोवले आणि दारामागे घोंगडी पसरून बसले.

"आता काय?" मंजुळाकाकूंनी विचारले.

"तळ उठताना एक बिऱ्हाड मागं ऱ्हायलं की म्होरक्यानं थांबायचं आसतं."

"तळ न्हाई हो ह्यो! पाऊस आला म्हंजे?"

पाऊस आला. छप्पर उभारायचे नव्हते, म्हणून तात्या ताडपत्री अंगावर घेऊन बसत. पांघरलेली ताडपत्री छप्पर होत नाही, याची खात्री त्यांनी आधीच कचेरीत जाऊन करून घेतली होती. सरूवहिनींच्या मुली नव्या खोलीत आमच्या आईजवळ झोपत. वहिनी कामे उरकून पिंपाशी येत, कारण घरात हजर राहायचे होते. एवढ्या मोठ्या मैदानावर एक दार आणि एक पिंप. मंजुळाकाकू नव्या खोलीतून दोन वेळचा डबा घेऊन येत, दार वाजवत, शिव्या देत आत येत.

तात्या दर सोमवारी कचेरीत जात. आवक-जावकच्या बाई आता त्यांना पाणी विचारत. एका सोमवारी बाईंनीच फाईल चाळून मार्ग सांगितला. घर जागेवर आढळले नाही असा शेरा असेल, तर त्या क्रमांकावर टपाल येते असा पुरावा लागतो. टपाल येत असेल तर घर आहे, असे मानता येते.

सरूवहिनींना जन्मात कोणी पत्र लिहिले नव्हते.

मला तेव्हा सोलापूरला नोकरीला लागून दोन महिने झाले होते. मंजुळाकाकूंच्या फोनवरून तात्या बोलले.

"दत्ता, येक पत्र टाक. रजिस्टर."

"टाकतो. सरूवहिनींच्या नावाने ना?"

"तिला तू कशाला लिवशील? काय लिवशील? खोटं दिसंल. मला लिव. मला लिवायचं आसंल की तुज्याजवळ कायतरी."

"पण पत्ता सदतीसचा पाहिजे."

"म्या ऱ्हातो की तिच्या घरी पाव्हना. पत्र येईस्तवर."

मागून काकूंचा आवाज आला, "ह्या वयात दुसऱ्या बाईच्या घरी मुक्काम! त्येबी पिंपाच्या घरी!"

मी रविवारच्या सुटीला धाराशिवला गेलो. पत्र लिहून खिशात होते. तात्या स्वतःचे दार सोडून चाळीस पावलांवर, पिंपाच्या सावलीत बसले होते. पत्ता खोटा ठरू नये म्हणून. मी वाकून नमस्कार केला आणि पत्र पुढे केले. त्यांनी हात मागे घेतला.

"हातानं न्हाई. टपालानं."

"तात्या, मी आलोय ना समोर!"

"तू आलास, पत्र न्हाई आलं."

मी परत सोलापूरला आलो आणि सोमवारी सकाळी पत्र रजिस्टर केले. बुधवारी पोस्टमन सायकल घेऊन मैदानावर आला. मंजुळाकाकूंनी सांगितले, की त्याने आधी दार वाजवले, तिथे कोणी नाही म्हणून पिंप वाजवले. पोचपावती तात्यांच्या अंगठ्यासकट फाईलला लागली. पाहणीसाहेबांनी तिच्याखाली स्वतःच्या हाताने लिहिले, 'घर क्र. ३७ अस्तित्वात आहे. त्या दिवशी ते पाण्यास गेले होते.' ताबापत्र पुढच्या महिन्यात आले.

त्या दिवशी मी गावीच होतो. त्यानंतर अजून जाणे झालेले नाही, म्हणून तात्यांना शेवटचे पाहिले ते तेव्हाच. पुढे सरूवहिनी हातगाड्यावर पिंप घेऊन, दोन्ही मुली दोन बाजूंना, आणि मागे तात्या पाठीवर दार घेऊन, भर बाजारातून निघाले होते. दाराखाली त्यांचे पाय तेवढे दिसत. चौकात पोलिसाने हात केला तेव्हा ते दार थांबले, आणि शिट्टी झाल्यावर पुढे गेले.

पत्र असे होते.

*

रा. बिरूतात्या यांस,
मुक्काम सरूबाईंचे घर, घर क्र. ३७, बाजारापलीकडचे मैदान, धाराशिव

तीर्थरूप तात्यांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र साहेबही वाचतील, म्हणून आधी कामाचे लिहितो. सरूवहिनी क्रमांक सदतीसमध्ये राहतात. त्यांना तिथे स्वयंपाक करताना, मुलींची डोकी विंचरताना आणि मोकळ्या वेळी रडताना मी पाहिले आहे. माणूस ज्या ठिकाणी रडायला परत येतो त्याला घर म्हणायला हरकत नसावी.

आता तुमचे. तुम्ही म्हणालात, लिहायला तुझ्याजवळ काही तरी असेल. आहे. तोंडावर बोललो नाही, कारण तुम्ही मध्येच पाणी आणायला पाठवले असते.

आपण मैदानावर आलो तेव्हा माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. मी पुस्तके बांधून ठेवली होती आणि आईला सांगितले होते, की यंदा नाही. तुम्ही आमचे दार सगळ्यांच्या आधी उभे केलेत. मग काठीने जमिनीवर चौकोन काढलात आणि सगळ्यांना सांगितलेत, की ही दत्ताची भिंत, हिच्यातून कोणी जायचे नाही, आवाज जरी गेला तरी भिंत फोडून गेला असे धरीन. पंधरा दिवस कोणी गेले नाही. बायका डोक्यावर घागरी घेऊन वळसा घालून जात. दोन घरांचे भांडण चालू होते, ते माझ्या भिंतीपाशी आले की कुजबुजत चाले. काकू चहा घेऊन येत आणि मी समोर दिसत असताना दाराबाहेर उभ्या राहून विचारत, "येऊ का रं?" मी "या" म्हणेपर्यंत त्या पाऊल टाकत नसत. एकदा वारा सुटून माझे कागद उडाले, ते चौकोनाबाहेर गेले. तुम्ही ते गोळा केलेत आणि दार वाजवून दिलेत.

मी पास झालो हे तुम्हाला माहीत आहे. कसा झालो हे मला कोणी विचारले तर मी सांगतो, की घरी अभ्यासाला चांगली खोली होती. ते खोटे आहे असे मला अजून एकदाही वाटलेले नाही.

इथे मला खोली मिळाली आहे. तिला चार भिंती आहेत, वर स्लॅब आहे, आणि शेजारचे लोक न विचारता आत येतात.

तुमचा,
दत्ता
घर क्र. १२